मालवणात आलेला रुपया

२००१ च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या १८,६७५ होती. २०११ मध्ये ती १८,६४८ भरली. मधल्या दहा वर्षांत सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंग सुरू झालं, तारकर्ली-देवबागात माडांच्या बागांतून पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या, सुट्टीच्या दिवसांत बंदर जेटीवर पाय ठेवायला जागा मिळेनाशी झाली. गिऱ्हाईक वाढलं, गावातली माणसं होती तेवढीच राहिली. जिल्ह्याचं चित्र तर आणखी बोलकं आहे. याच काळात सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. महाराष्ट्राची मात्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. २०११ साली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे गेले, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. मुंबई, पुणे, गोवा. गणपतीला आणि मे महिन्यात ते गावी येतात, चाकरमानी म्हणून.

पर्यटनावर जगणाऱ्या लहान शहराची प्रगती कशी मोजायची, याचं उत्तर मालवणात या आकड्यांपासूनच शोधावं लागतं. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मोठे कारखाने नाहीत, जमीन तुकड्यातुकड्यांची. तेव्हा १२१ किलोमीटरचा किनारा, किल्ले आणि मासळी यांच्या जोरावर इथल्या तरुणाला इथेच पोट भरता यावं, ही त्यामागची अपेक्षा. म्हणजे कसोटी तेव्हाच ठरली होती. किती पर्यटक आले हा तिचा अर्धा भाग झाला. त्यांनी सोडलेला पैसा इथल्या किती हातांतून फिरला, हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

या फिरण्याला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. रिचर्ड कान या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३१ साली रोजगाराच्या संदर्भात ही कल्पना मांडली आणि केन्सने ती पुढे नेली. हिशेब सोपा आहे. समजा, एका पाहुण्याने मालवणात शंभर रुपये खर्च केले आणि त्यांतले साठ इथल्याच माणसांच्या हाती पडले. त्या माणसांनीही आपल्या साठांपैकी साठ टक्के, म्हणजे छत्तीस रुपये, गावातच खर्च केले: कुणी होडीच्या दुरुस्तीला, कुणी शाळेच्या गणवेशाला, कुणी सुताराला. पुढच्या हातातून सुमारे साडेएकवीस गेले. ही साखळी शेवटपर्यंत जोडली, तर शंभर रुपयांनी अडीचशेची उलाढाल केलेली असते. आता साठऐवजी वीसच टक्के गावात राहिले असं धरा. उलाढाल सव्वाशेवर थांबते. पाहुणा तोच, खर्च तोच, आणि गावातली उलाढाल निम्मी. उरलेलं दूरच्या मालकाचा नफा, बाहेरून आलेला माल, बुकिंगच्या अॅपचं कमिशन अशा वाटांनी निघून जातं. याला गळती म्हणतात.

यावरून एक गोष्ट सरळ दिसते. दुप्पट पर्यटक आणून जे साधेल, तेच पर्यटक आहेत तेवढे ठेवून आणि गळती बुजवूनही साधेल. मालवणसारख्या शहराला दुसरी वाट परवडते. विहिरींचं पाणी, अरुंद बाजारपेठ, कचरागाड्या, ग्रामीण रुग्णालयातल्या खाटा हे सगळं तिथे एकोणीस हजार माणसांच्या बेताचं आहे. नाताळच्या आठवड्यात त्यावर जो ताण येतो तो दुप्पट करण्याची ताकद कुठल्याही छोट्या नगरपरिषदेत नसते.

गळती कुठे होते हे पाहायला जेवणाच्या ताटाइतकी चांगली जागा नाही. पर्यटकाला साधारण तीन नावं ठाऊक असतात: सुरमई, पापलेट, कोळंबी. सगळी गिऱ्हाइकं हेच मागू लागली की भाव चढतो आणि भर हंगामात हॉटेलवाल्याला बाहेरून बर्फातली मासळी आणावी लागते. तेव्हा पन्नास पावलांवरच्या किनाऱ्यावर तारली, पेडवे, बांगडे आलेले असतात. तारलीचा मोठा थवा लागला तर भाव इतका पडतो की माल मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांच्या गाडीत चढतो. पेडव्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण, तारल्यांचं सुकं हे मालवणच्या घराघरांत रोज रांधलं जातं. हॉटेलच्या मेन्यूकार्डावर ते शोधावं लागतं. पाहुण्याला समजावून सांगणारा आणि हौसेने खायला घालणारा एक खानावळवाला या बाबतीत एखाद्या सरकारी योजनेइतकं काम करू शकतो. अशा ताटाचे तीनशे-चारशे रुपये किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकराच्या, मासळी विकणाऱ्या बाईच्या आणि मसाला कांडणाऱ्या घरातच राहतात.

ताटातल्या बाकीच्या जिनसांनाही हेच लागू होतं. सोलकढीचं आगळ मे महिन्यात घरोघरी तयार होतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, हापूसला आहे, वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे. पण मानांकनाचा कागद आपोआप पैसे मिळवत नाही. भारतातले काजू कारखाने आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या बियांवरही चालतात, आणि बाजारपेठेतल्या पाकिटात कुठला गर आहे हे पर्यटकाला दिसत नाही. इथल्या बागेतला माल, इथल्या कारखान्यात फोडलेला, असं ठसठशीतपणे सांगून विकला तर बागायतदाराला चार पैसे जास्त मिळतील. मालवणी खाजाला तशी ओळख आधीच आहे: बेसनाच्या जाड कांड्या, वर गूळ आणि आल्याचा थर. तो जत्रांमध्ये वाढला, आंगणेवाडीच्या यात्रेत आजही त्याचे ढीग लागतात, आणि त्याची चव जाहिरातीशिवाय मुंबईपर्यंत पोचली.

हा मुंबईचा धागा पर्यटनाच्या अहवालांत कधी नीट येत नाही. मालवणी जेवणाची बाजारपेठ गाव सोडून गेलेल्यांनी तयार केली. गिरणगावातल्या खानावळींनी, मग दादर-परळच्या हॉटेलांनी घाटावरच्या माणसाला तिखट-आंबट रश्श्याची सवय लावली. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि त्यातल्या मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली विदर्भ-मराठवाड्यापर्यंत ओळखीची केली. ज्यांना पोटासाठी बोट किंवा एसटी पकडावी लागली, त्यांनीच पुढच्या पिढीसाठी गिऱ्हाईक घडवलं, ही मला या सगळ्यातली फार हृद्य गोष्ट वाटते. त्या पिढीतल्या कित्येकांची घरं आज वर्षातले अकरा महिने बंद असतात. ती घरं म्हणजे मालवणाजवळचं आयतं भांडवल.

राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेचं मोल इथे कळतं. घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि स्वयंपाक घरच्यांनी करायचा, अशी ती रचना. खोलीचं भाडं घरात राहतं, जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हाती येतात, चादरी धुणारा, नारळ उतरवणारा, रिक्षावाला हे सगळे ओळखीतले असतात. राज्याने २०२३ मध्ये ‘आई’ नावाचं महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत देण्याची सोय आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटाच्या बायका २०१७ पासून होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. कांदळवनातलं झाड, खेकडा, पक्षी त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. त्या माहितीला गिऱ्हाईक मिळालं. यात नवीन जमीन लागली नाही, मोठी इमारत लागली नाही.

याच्या उलट टोकाला जमीन विकणं आहे. समुद्राला लागलेला तुकडा एकदाच विकला जातो. पैसा एका पिढीला मिळतो आणि पुढच्या पिढीला त्याच जागेवर पगारी नोकरी करावी लागते. देवबागसारख्या ठिकाणी तर जमीन मुळातच चिंचोळी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी; लाटांनी किनारा खाल्ला की बंधाऱ्यासाठी सरकारकडे धाव घ्यावी लागते. तिथे वाढू शकणारी एकच गोष्ट म्हणजे आहे त्या जागेतून मिळणारं उत्पन्न. जमीन भाडेकराराने देणं, चार भावांनी मिळून सामाईक खोल्या चालवणं, गावातल्या सहकारी पतसंस्थेने खोल्यांच्या दुरुस्तीसाठी कर्ज देणं, हे मार्ग कंटाळवाणे वाटतील. पण मालकी गावात ठेवणारे तेच आहेत.

मग येतो पावसाळा. मे महिन्याच्या अखेरीला जलक्रीडा आणि किल्ल्याकडच्या होड्या बंद होतात, त्या थेट ऑगस्ट संपल्यावर सुरू होतात. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरही बंदी असते. म्हणजे शहराचे दोन्ही मोठे धंदे एकाच वेळी थांबतात. कर्जाचा हप्ता बारा महिने, मिळकत आठ-नऊ महिने. हंगामी धंद्याला कायम माणूस ठेवता येत नाही, आणि मुलगा मुंबईची वाट धरतो ती बरेचदा जूनमध्येच. गंमत अशी की याच महिन्यांत याच जिल्ह्यातल्या आंबोलीच्या घाटात धबधबे पाहायला गाड्यांची रांग लागलेली असते. पावसातला पर्यटक आहे. तो मालवणात उतरत नाही, एवढंच. मालवण तालुक्यातच धामापूरचा तलाव आहे, १५३० साली बांधलेला, सिंचन आणि जलनिस्सारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून गौरवलेला. भोवती गर्द झाडी, काठावर भगवतीचं देऊळ. भातलावणी, रानभाज्या, धामापूर आणि दशावतारी कलावंतांची घरं अशी दोन दिवसांची सहल जुळवली तर निदान काही घरांच्या खोल्या उघड्या राहतील. समुद्राच्या मानाने हे उत्पन्न लहान असेल. पण बंद महिन्यात मिळणाऱ्या हजार रुपयांची किंमत डिसेंबरातल्या हजारापेक्षा जास्त असते, कारण त्या हजारावर एखादा माणूस गावात टिकतो.

दळणवळणाबद्दल बोलायला लागलो की प्रत्येक चर्चा तिथेच अडकते, म्हणून थोडक्यात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ, कणकवली, सिंधुदुर्ग ही स्थानकं मालवणची दारं झाली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला, पण तिथली उड्डाणं कधी सुरू, कधी बंद. दरम्यान जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ चालू झाला. चिपीने मोपाशी शर्यत लावण्यापेक्षा मोपाला उतरलेला प्रवासी दोन-अडीच तासांत मालवणात कसा येईल, याची सोय आधी केलेली बरी. वेळेवर सुटणारी एक चांगली बससेवा त्याला पुरते.

आता समुद्र. मालवणचं खरं भांडवल तेच, आणि त्याच्या वापराबद्दल इथे चाळीस वर्षं झगडा चालू आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मासेमारांनी विरोध केला, कारण नियम वरून आले आणि रोजची जाळी कुठे टाकायची याचं उत्तर त्यांत नव्हतं. पुढे पर्ससीनच्या यांत्रिक नौका आल्या. हे मोठं जाळं अख्ख्या थव्याला वेढा घालून एकदम ओढून घेतं. पारंपरिक मच्छीमारांच्या लांबलचक संघर्षानंतर राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि प्रखर एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली. बंदी मोडणाऱ्या नौका आजही पकडल्या जातात. पर्यटनाच्या लेखात मासेमारीचा वाद कशाला, असं वाटेल. पण मासळी संपली तर ताट गेलं, ताट गेलं की मालवणचं वेगळेपण गेलं. उरलेली वाळू आणि खोली गोव्यापासून केरळपर्यंत कुठेही मिळते.

या समुद्रावर दुसरा धंदाही उभा राहिला आहे, पाण्याखाली उतरण्याचा. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. कोकणाच्या गढूळ पाण्यात ते फार मोठे किंवा रंगीबेरंगी नसले तरी उथळ आणि किनाऱ्याजवळ आहेत, त्यामुळे पोहता न येणाऱ्या माणसालाही प्रशिक्षकाचा हात धरून दहा मिनिटं मासे पाहता येतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था, ‘इसदा’, उभी राहिली. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातली मुलं प्रशिक्षण घेऊन गाइड आणि प्रशिक्षक झाली. ज्यांच्या आज्याला तळाचा खडक जाळ्यात अडकायचा म्हणून पाठ होता, त्यांची नातवंडं त्याच खडकावर पर्यटक उतरवतात. गावात राहून, गावातल्या ज्ञानावर, तरुणाला चांगली मिळकत देणारी अशी दुसरी नोकरी मला तरी मालवणात दिसत नाही.

इथेच धोकाही सगळ्यांत मोठा आहे. रिचर्ड बटलर या भूगोल अभ्यासकाने १९८० साली पर्यटनस्थळांचा एक आयुष्यक्रम मांडला. आधी तुरळक भटके येतात. मग स्थानिक लोक सोयी करू लागतात, मग बाहेरचा पैसा येतो आणि गर्दी वेगाने चढते. एका टप्प्यावर जागेची सहनशक्ती संपते, वाढ थांबते आणि स्थळ उतरणीला लागतं, जर त्याने स्वतःला वेळीच बदललं नाही तर. मालवण आज वेगाच्या टप्प्यावर आहे. ठरावीक चार-पाच जागांवर एकाच सकाळी कित्येक होड्या जातात. प्रत्येक होडीचा नांगर तळाशी पडतो आणि प्रवाळ मोडतं. शिकाऊ पाहुणा त्यावर पाय ठेवून उभा राहतो. भाव पाडण्याची चढाओढ लागली की सुरक्षेत काटछाट होते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोन जीव गेले. अशा एका घटनेने सगळ्यांचं बुकिंग रद्द होतं, नियम पाळणाऱ्याचंसुद्धा.

वापर सगळ्यांचा आणि जबाबदारी कुणाचीच नाही, अशा साधनसंपत्तीचं काय करायचं, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मासेमार, पाटकरी, चराऊ कुरणं वापरणारे अशा अनेक समूहांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवलं की लोक स्वतः नियम ठरवून, एकमेकांवर लक्ष ठेवून, मोडणाऱ्याला दंड करून पिढ्यान्‌पिढ्या साधन टिकवू शकतात. मालवणला हे परकं नाही. रापण चालते ती याच तत्त्वावर. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या लांबलचक जाळ्याचे तुकडे अनेक घरांचे असतात, ओढायला सगळे हात लागतात, आणि आलेल्या मासळीची वाटणी ठरलेल्या हिश्शाने होते. ओढायला हात लावलेल्या पोरालाही चार मासे मिळतात. तो शहाणपणा पाण्याखालच्या पर्यटनात आणायला हवा. एका जागी एका वेळी किती होड्या, किमान दर किती, किती पाहुण्यांमागे एक प्रशिक्षक, नांगराऐवजी बांधायला कायमचे बोये कुठे, आणि प्रत्येक तिकिटातले किती रुपये समुद्राच्या देखभालीला: हे ठरवायला व्यावसायिकांचा एक संघ पुरे. सरकारने त्या नियमांना कायद्याचं बळ द्यावं.

जमिनीवरची घडीही अशीच बसवता येते, आणि तिचं उदाहरण शेजारी आहे. वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगवेगळा गोळा करून, प्लास्टिक रस्त्यांत वापरून आपला कचरा डेपो लोकांनी येऊन पाहावा असा केला. तेही मालवणसारखंच छोटं शहर, तुटपुंज्या उत्पन्नाचं. आरोग्याचंही तसंच. गंभीर रुग्णाला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात न्यायची सवय इथे फार जुनी आहे. ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाल्यामुळे ती कमी होऊ शकते. पाण्याखाली पर्यटक उतरवणाऱ्या शहराला तातडीच्या उपचारांची सोय हवीच, आणि ती आली की इथल्या म्हाताऱ्या आईबापांनाही मिळते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन एकट्या या जिल्ह्यात आहेत. निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजनाही पुढे आली आहे. गर्दी वाढणार हे नक्की. होड्यांचे परवाने, बोयांच्या जागा, खोल्यांची नोंदणी, किल्ल्यात एका वेळी सोडायची माणसं, तिकिटातला स्थानिक हिस्सा हे सगळं तिच्याआधी ठरायला हवं. त्यासाठी वेळही हाताशी आहे: दर वर्षी जून ते ऑगस्ट, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं गावात असतात आणि ग्रामपंचायतीपासून नगरपरिषदेपर्यंत सगळ्यांना बसून बोलायला तीन महिने मिळतात.